सड्यावर खड्डे खणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ओसाड सड्यावर हिरवाई फुलवू या’ या झाडे लावण्याच्या आवाहनाची बातमी आपल्या अंकात वाचली. सडा म्हणजे आपल्या कोकणातले कातळाचे सपाट पठार. आयोजक मंडळींचा हेतू चांगलाच आहे, जागा मात्र चुकते आहे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त केपटाऊनला असते. त्यामुळे आयुष्यभर वर्गात ज्याचे चित्र फळ्यावर काढले, तो टेबल माउंटन पाहता आला. समुद्राकाठी उभा, 1,086 मीटर उंच, माथा वालुकाश्माचा आणि सपाट. खालच्या घळींत रान आहे, पण माथ्यावर मोठे झाड औषधालाही नाही. सगळी झुडपे आणि लव्हाळ्यासारखे गवत. तिथे त्याला फाइनबॉस म्हणतात. आपल्या मंडळींनी तो माथाही ओसाड ठरवून रोपे मागवली असती! प्रत्यक्षात त्या चिमुकल्या केप द्वीपकल्पावर 2,200 हून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. पाऊस तिथे हिवाळ्यात. कोरड्या उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा समुद्रावरून येऊन डोंगरावर चढतो आणि माथ्यावर ढग पसरतो. त्याचे थेंब या झुडपांवर टिपले जातात आणि त्यावर माथा तग धरतो. उतारांवरच्या ओढ्यांत एक बेडूक आहे, टेबल माउंटन घोस्ट फ्रॉग. तो जगात दुसरीकडे कुठेही नाही.

याच उतारांवर लाकडासाठी पाइन लावले गेले. ते पाणी ओढतात, बी वाऱ्यावर उडून पसरते, सावलीत मूळची झुडपे मरतात. आता ते तोडून फाइनबॉस परत आणत आहेत. ‘आमची सावली जाते’ म्हणून फिरायला येणारे कोर्टात गेले. झाडतोडीला विरोध तिकडेही होतोच. गंमत म्हणजे उपद्रव्यांत आपला एक हिमालयवासीही आहे. 1936 साली तिथल्या प्राणिसंग्रहालयातून ताहर, म्हणजे हिमालयातल्या रानबकऱ्या, निसटले, वाढले आणि त्यांनी उतार खरवडून काढले. शेवटी त्यांना गोळ्या घालाव्या लागल्या, तेव्हाही मोठा गदारोळ झाला.

आपला सडा जांभ्याचा. मे महिन्यात तो तव्यासारखा तापतो, हे खरे. पण श्रावण-भाद्रपदात चालून पाहा. सीतेची आसवे, गेंद, किडे खाणारे दवबिंदू, आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर येणारी, कोकणाबाहेर न सापडणारी पांढरी दीपकाडी. इंचभर मातीत आणि कातळातल्या डबक्यांत यांचा संसार असतो. तिथे ब्रेकरने खड्डा मारून गिरीपुष्प किंवा अकेशिया लावला, की सावली आणि पालापाचोळ्याखाली हे सगळे संपते. शिवाय आमच्या राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे येथे सड्यावर कातळशिल्पे आहेत. मातीखाली आणखी किती दडली असतील, ते खड्डा खणणाऱ्याला कसे कळणार?

झाडे लावायचीच असतील, तर रस्त्यासाठी कापलेले डोंगरउतार आणि उजाड झालेले वहाळांचे काठ भरपूर आहेत. तिथे ऐन, किंजळ, जांभूळ लावा. मीही कुदळ घेऊन येईन. सड्यावरचा कार्यक्रम मात्र ऑगस्टपर्यंत थांबवावा आणि आयोजकांनी तेव्हा एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना घेऊन तो सडा पायी फिरावा, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करतो.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, राजापूर