मॅक्स फेनिगच्या निमित्ताने: मित्रास पत्र

पुणे,
दि. ८ जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मालिकेचे पहिले तीन भाग आणि अर्धवट चौथा भाग सलग वाचून काढले. तपास अधिकारी मला पूर्णपणे पटला; पण त्याच्या मागे लागलेला, प्रत्येक घटनेत सरकारचा कट शोधणारा तो माणूस पटला नाही. तो दाराशी आला की प्रेक्षकांनी हसायचे, एवढेच काम तू त्याला दिले आहेस. त्याच्यावर अन्याय होतो आहे असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच परग्रहवासी आणि सरकारी कट यांच्या तपासावरच्या ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेतल्या मॅक्स फेनिगविषयी सविस्तर लिहीत आहे. कॉलेजात असताना आपण ती मालिका केबलवर एकत्र पाहायचो, पण आपले सगळे लक्ष तेव्हा मल्डर आणि स्कली या तपास करणाऱ्या जोडीकडेच असायचे.

मॅक्स येतो तो ‘फॉलन एंजल’ या पहिल्या हंगामातल्या भागात, नोव्हेंबर १९९३ मध्ये. विस्कॉन्सिनमधले टाउनसेंड नावाचे गाव विषारी रसायन सांडल्याचे कारण सांगून लष्कराने रिकामे केलेले असते. तिथे चोरून शिरलेला एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा, एजंट मल्डर पकडला जातो, आणि शेजारच्या कोठडीत त्याला टोपी घातलेला, घाबरट पण बडबड्या मॅक्स भेटतो. पुढे तो मल्डरच्याच मोटेलच्या खोलीत शिरलेला सापडतो, आणि न्हाणीघराच्या खिडकीतून पळू पाहताना पकडला जातो. मग कळते की मल्डरने टोपणनावाने लिहिलेला लेख त्याने वाचलेला आहे आणि त्याच्या कामावर तो बरेच दिवस नजर ठेवून आहे. मल्डरच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो संकोच दिसतो, तो नीट पाहा. ज्याला सगळे कार्यालय विक्षिप्त समजते, त्या अधिकाऱ्यासमोर त्याचा एकमेव चाहता उभा आहे, आणि त्या चाहत्याकडे नोकरी नाही, ओळखपत्र नाही, घर म्हणून एक ट्रेलर तेवढा आहे. मॅक्स त्याला छळतो तो त्याच्या विरोधात जाऊन नव्हे, तर त्याच्याशी शब्दन्‌शब्द सहमत होऊन.

त्या ट्रेलरमधला प्रसंग तू पुन्हा एकदा पाहावास असा माझा आग्रह आहे. मॅक्स रेडिओवरून टिपलेले संदेश मोठ्या अभिमानाने ऐकवतो. स्कलीची नजर मात्र त्याच्या औषधांवर जाते. ती डॉक्टर असल्यामुळे तिला लगेच कळते की एक औषध फेफऱ्यावरचे आहे आणि दुसरे गंभीर मनोविकारावरचे. परग्रहवासीयांविषयीच्या त्याच्या समजुती आजारातून आलेल्या असू शकतात, असे तिचे मत होते, आणि ते मांडताना तिच्या बोलण्यात तुच्छता नसते. उलट मल्डरला त्याच्या कानामागचा व्रण दिसतो, आणि तसाच व्रण परग्रहवासीयांनी पळवून नेल्याचे मानल्या जाणाऱ्या इतरांच्याही अंगावर होता हे त्याला ठाऊक असते. एकाच माणसाविषयीची ही दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, आणि पटकथेने त्यांपैकी एकही खोडून काढलेले नाही. आजारी माणूस खरेही सांगत असू शकतो, एवढी जागा लेखकाने शिल्लक ठेवली आहे. तुझ्या पात्राला नेमकी हीच जागा मिळालेली नाही.

अमेरिकी प्रेक्षकाला मॅक्स नुसता वेडा का वाटला नाही, याला त्या देशाचा इतिहास कारणीभूत आहे. १९७१ च्या मार्च महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी काही नागरिकांनी एफबीआयचे कार्यालय फोडून कागदपत्रे पळवली, आणि सरकारी यंत्रणा आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवते, त्यांच्या संघटनांत फूट पाडते, हे त्या कागदांवरून जगाला कळले. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे सरकारी आरोग्यखात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश १९३२ पासून १९७२ पर्यंत उपचार न करता नुसता निरीक्षणाखाली ठेवला, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. मल्डरला आतली बातमी पुरवणाऱ्या गृहस्थाचे ‘डीप थ्रोट’ हे नाव राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणातून उचललेले आहे, आणि त्या प्रकरणातला खरा खबऱ्या एफबीआयचाच वरिष्ठ अधिकारी मार्क फेल्ट होता, हे २००५ मध्ये उघड झाले. इतके सगळे घडून गेलेल्या समाजात संशय घेणाऱ्याला हसून बाजूला सारणे सोपे नव्हते.

परंतु १९९३ चा मॅक्स एकाकी होता, आणि त्याच्या संशयाचा त्रास मुख्यतः त्यालाच होत होता. २०१६ मध्ये ही मालिका परत आली तेव्हा त्याच्या जागी टॅड ओमॅली आला: आलिशान मोटारीतून फिरणारा आणि इंटरनेटवर स्वतःचा कार्यक्रम चालवणारा. मला तो मॅक्सहून कितीतरी कमी आवडतो, पण काळाची नोंद म्हणून तो अचूक आहे.

प्रत्यक्षात काय घडले तेही सांगतो. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. कटाच्या कहाण्या पसरवणारा अमेरिकी कार्यक्रमकर्ता ॲलेक्स जोन्स याने हे हत्याकांड म्हणजे बनाव असल्याचे आपल्या कार्यक्रमातून वारंवार सांगितले. त्या दिवशी शाळेत गेलेल्या एफबीआयच्या एका अधिकाऱ्याला लोक भाड्याचा नट म्हणू लागले. एवढेच नव्हे, तर तो आणि मृत मुलांपैकी एकाचा बाप ही एकच व्यक्ती आहे, असेही पसरवले गेले. २०२२ मध्ये पालकांच्या बरोबरीने हा अधिकारीही वादी म्हणून न्यायालयात उभा राहिला आणि साक्ष देताना त्याला रडू आवरले नाही. ज्यूरींनी एकट्या त्याच्यासाठी ९ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. आत जाऊन ज्याने ते सगळे डोळ्यांनी पाहिले, त्याच्याकडेच लोक पुरावा मागत होते. मॅक्स मल्डरला म्हणत होता की तू शोध घे. या लोकांना शोध नकोच होता, त्यांना आरोपी हवा होता.

म्हणून माझी सूचना अशी की तुझा माणूस मॅक्ससारखा आहे की जोन्ससारखा, ते आधी ठरव. तो मॅक्सच्या जातीचा असेल, तर त्याच्या चाळीस कागदांतला एक कागद खरा निघू दे, आणि तो ओळखण्यात अधिकाऱ्याचा कस लागू दे. तो दुसऱ्या जातीचा असेल, तर त्याला हास्यास्पद करू नकोस; त्याच्या बोलण्याने कोणाच्या घरी रात्री-अपरात्री फोन जातात, ते दाखव. चौथ्या भागात तो पोलीस ठाण्याच्या बाकावर फाइल छातीशी धरून थांबला आहे आणि कोणीच त्याला आत बोलावत नाही, तिथपर्यंत तू आलाच आहेस. आता अधिकाऱ्याने बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसावे आणि ती फाइल पहिल्या पानापासून वाचायला घ्यावी, असे मला वाटते. हा प्रसंग लिहून झाला की इतर कोणाला दाखवण्याआधी मला पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश