तरुणाच्या अचानक मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाचीही तपासणी व्हावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : आनुवंशिक हृदयस्नायूविकार आणि नातेवाइकांची तपासणी

महोदय,

मैदानावर किंवा भरतीच्या चाचणीत धावताना एखादा धडधाकट तरुण कोसळतो, शवविच्छेदन अहवालात हृदयविकाराने मृत्यू अशी नोंद होते आणि प्रकरण तिथेच मिटते. त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही तोच धोका असू शकतो, हे मात्र घरच्यांना बहुधा कोणीच सांगत नाही. माझ्या घरात असा मृत्यू झाला आहे, म्हणून हे लिहीत आहे.

अशा मृत्यूंमागे असू शकणाऱ्या हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आनुवंशिक हृदयस्नायूविकारात, उच्च रक्तदाबासारखे कारण नसतानाही, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. साधारण ५०० व्यक्तींमागे एकाला तो असतो. १९९० साली मायोसिन प्रथिनाच्या जनुकातील दोष त्यामागे असल्याचे प्रथम सिद्ध झाले. पुढे स्नायूंच्या आकुंचनाशी संबंधित आणखी जनुके सापडली, त्यांत एमवायबीपीसी३ हे प्रमुख आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असा दोष असला, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. दोष असूनही कित्येकांना आयुष्यभर त्रास होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र पहिले लक्षण मृत्यू हेच असते.

याच एमवायबीपीसी३ जनुकातील डीएनएच्या २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के असल्याचे २००९ साली, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनातून पुढे आले आणि त्याचा संबंध हृदय निकामी होण्याशी जोडला गेला. नंतरच्या अभ्यासात असे दिसले, की हायपरट्रॉफिक रुग्णांमधील धोक्याचा मोठा भाग या तुकड्यामुळे नसून, तो असलेल्यांपैकी थोड्यांकडेच असणाऱ्या, त्याच जनुकातील दुसऱ्या एका दुर्मीळ बदलामुळे आहे. म्हणून सर्वांची सरसकट जनुकीय चाचणी करावी, अशी माझी मागणी नाही. तसे केल्यास लाखो निरोगी माणसे विनाकारण धास्तावतील. सुरुवात रुग्णापासून किंवा मृतापासून व्हावी आणि तिथून त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांपर्यंत जावे.

इथेच आपली व्यवस्था अडते. शवविच्छेदनानंतर हृदय फॉर्मेलिन या अवयव टिकवणाऱ्या द्रावणात ठेवले जाते आणि फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. कुटुंबाच्या संमतीने काही मिलिलिटर रक्त ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत अतिथंड तापमानात ठेवले, तर कारण नंतरही शोधता येते. चाळिशीच्या आतील प्रत्येक अस्पष्ट हृदयमृत्यूत हे सक्तीचे करावे आणि आई-वडील, भावंडे व मुले यांचा ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावा. हा विकार पौगंडावस्थेत किंवा त्यानंतरही प्रकट होतो, त्यामुळे एकदा अहवाल चांगला आला म्हणून मुलांना सोडून देऊ नये. ठरावीक काळाने पुन्हा तपासावे. घरातील नेमका दोष कळला, तर तो ज्यांच्यात नाही त्यांची या फेऱ्यांतून सुटका होते. अहवालाची गोपनीयताही पाळली जावी, कारण गावात बातमी फुटली की सर्वांत आधी मुलींची स्थळे मोडतात.

शवविच्छेदन बरेचदा आपल्या विभागाच्या रुग्णालयात होते, न्यायसहायक प्रयोगशाळा गृह विभागाकडे आहे आणि जनुकीय चाचणीसाठी लागणारे तज्ज्ञ वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयांत. तिन्ही विभागांचे एकत्रित परिपत्रक निघावे आणि त्यासाठी आपण पुढाकार घ्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
अशाच एका कुटुंबातील नागरिक