आखाजीला येत नाही, पण तुम्ही या

तीर्थरूप आई आणि आप्पांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं" म्हणून फोन आप्पांकडे देणार आणि आप्पा "बघू" म्हणणार, म्हणून लिहिते आहे. यंदा आखाजीला मी येत नाही. अक्षय्य तृतीया एप्रिलातच आली आणि मोठीची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आहे. मागच्या वर्षी तिला मधूनच आणली तेव्हा नंतर महिनाभर तिचं गणित मागे पडलं होतं. एवढं कारण पुरे नाही हे मला कळतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, एकही आखाजी मी चुकवली नाही. आई, सांजोऱ्या थोड्याच कर. निंबाला झोका बांधून झाला असेल तर सोडू नका, शेजारच्या पोरी येऊन खेळतील.

आता दुसरं. वैशाख वद्य सप्तमीची तुम्हा दोघांची तिकिटं मी काढून ठेवली आहेत, अमळनेर ते सुरतेचं उधना, दोन्ही खालचे बर्थ. आप्पा, ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंदच आहे, त्यामुळे पूर्ण पैसे पडले, पण त्याचा हिशेब करत बसू नका. तुमचे जावई आदल्या दिवशी येऊन तुम्हाला घेऊन निघतील. दोन दिवस आमच्याकडे राहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून वलसाडजवळ तिथलला, समुद्रावर, चार दिवस.

सखाराम महाराजांची यात्रा होऊ दे, एकादशीचा रथ आणि पुनवेची पालखी झाल्यावरच निघायचं, हे मी आधीच धरलं होतं. आप्पा, यात्रेआधीची तारीख सांगितली असती तर तुम्ही एका शब्दात नाही म्हटलं असतं. शिवाय अष्टमीच्या आसपास समुद्राला भांगाची भरती असते. अमावास्या-पुनवेच्या उधाणासारखं पाणी तेव्हा चढत नाही. लहान मुलं बरोबर आहेत म्हणून हे सगळं विचारून, पंचांग बघूनच दिवस ठरवला आहे.

खरं कारणही सांगते. मागच्या वैशाखात आप्पांना दुपारी बांधावरून उचलून आणावं लागलं, ते तुम्ही मला आठ दिवसांनी सांगितलंत. आपल्याकडे चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन आणि तुम्ही डोक्याला उपरणं गुंडाळून पऱ्हाट्या वेचताय, हे डोळ्यांसमोर आलं की माझा हात कामावरून निघतो. इथे समुद्रावरही ऊन आहे, घाम येतो, पण वारा आहे. दुपारी खोलीत पडून राहायचं आणि पाचनंतर बाहेर पडायचं. शेत आठ दिवसांत कुठे जात नाही. मे महिन्यात ठिबकवरचा कापूस लावायचाच असेल तर आल्यावर लावा.

राहायची काळजी करू नका. हॉटेल नाही, तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत, एकही पायरी चढायची नाही. कमोड आहे, मी स्वतः जाऊन पाहून आले. स्वयंपाकाला गॅस आहे. इथल्या वरणात साखर असते म्हणून आईला जेवण जात नाही, ते मला माहीत आहे, त्यामुळे कळण्याचं पीठ, काळा मसाला, शेंगदाणे, लाल मिरच्या सगळं घरून नेणार आहे. आप्पांना पहाटे पाचचा चहा मिळेल, मी उठेन. आणि मुलीच्या घरी कसं राहायचं, हे आता काढू नका. दादा तिकडे लांब आहे, त्याच्याकडे जायचं तर विमान लागतं. मी पाच-सहा तासांवर आहे.

वाटेत नवापूर लागेल. त्या स्टेशनचा अर्धा बाक महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आप्पा. मी सात-आठ वर्षांची असताना सुरतेच्या काकांकडे जाताना तुम्ही मला त्या बाकावर मधोमध बसवलं होतं आणि म्हणाला होतात, "बघ, बेबी, तू दोन्हीकडची." मग मला झोप लागली आणि उधन्यापर्यंत तुम्ही मांडी हलवली नाही. पाय बधिर झाला होता तुमचा, उतरताना लंगडत होतात. धाकट्याला मी हे इतक्यांदा सांगितलं आहे की तो म्हणतो, आप्पांनी मला पण तिथे बसवायचं.

आई, आता तुझ्याशी. पाण्याचं नाव काढलं की तुला कोण आठवतं ते मला माहीत आहे. म्हणून इतकी वर्षं मीही पोरांना समुद्रावर नेलं नाही, घरापासून इतका जवळ असून. पण या वर्षी मोठीच्या पुस्तकात तापी आली. मुलताईला उगम, 724 किलोमीटर, पूर्वेकडून पश्चिमेकडे. तिने मला विचारलं, "म्हणजे आजीच्या गावाचं पाणी आपल्याकडे येतं?" मी म्हटलं, येतं, मध्ये उकाईचं धरण आहे, पण येतं. मग ती म्हणाली, आजीला माहीत आहे का? मला उत्तर देता आलं नाही.

तू "माले नही येनं" म्हणशील. आधी ऐकून घे. पोरं घोट्याच्या वर पाण्यात जाणार नाहीत, एक हात माझा आणि एक जावयांचा, शब्द देते. तिथे काळी रेती आहे, ओहोटीला पाणी लांब जातं, तेव्हा ओल्या रेतीत घरं करायची, बस. तुला पाण्याजवळ यायचं नसेल तर वर बाकावर आप्पांजवळ बस. समुद्राच्या काठालाच स्वामीनारायणाचं आणि साईबाबांचं देऊळ आहे, आरतीला जाता येईल. तू नुसती आमच्याबरोबर असलीस तरी मला पुरे.

आता कामाचं. गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या, आठ दिवसांच्या नाही. साखरेचा आणि बीपीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डं आप्पांच्या खिशात. गुडघ्याचा पट्टा विसरू नका. गाईची धार काढायला काकूंना आजच सांगून ठेवा. आप्पा, तोपर्यंत अकरा ते चार शेतात पाय ठेवायचा नाही. मी रोज साडेअकराला फोन करीन आणि आईलाच विचारीन. नुसता कांदा खिशात ठेवून भागत नाही, मीठ-साखरेचं पाणी आणि पन्हं प्या. रागावून लिहीत नाही, आप्पा.

इथे आल्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळी डुमसला जाऊ. तिथे पाण्यात कोणी उतरणार नाही, लांबूनच बघायचं. त्याच बाजूला तापी समुद्राला मिळते. आई, त्या वर्षापासून तू तापीकाठी कपिलेश्वरला जाऊन तिची ओटी भरली नाहीस. नारळ आणि तांदूळ इथे मिळतात, पण खण तिकडचा घेऊन ये. वाटलं तर काढ, नाही वाटलं तर पिशवीत राहू दे, मी विचारणार नाही.

पोरांचा आजी-आप्पांना नमस्कार. धाकट्याने खाली पेन्सिलीने होडी काढली आहे.

तुमची,
बेबी