दत्ताला, होडीच्या इसाराबद्दल

लातूर,
पाडव्याच्या आदल्या दिवशी

प्रिय दत्ता,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझी शुगर होती तिथंच आहे, मंगलचा गुडघा होता तिथंच आहे, तब्येतीचं एवढंच. हे फोनवर बोलता येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहावं तर चष्मा सापडत नाही म्हणून मेसेज मंगलच वाचून दाखवते. ही सवय मीच लावली, आता भोगूलालो. म्हणून वर्कशॉपमध्ये बसून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय. तुझ्या आई, आक्का, गेल्या तेव्हा दहाव्याला येऊन तासाभरात निघालो आणि तेव्हापासून तुला एक ओळ नाही. त्याचं पुढं येतं.

आधी बातमी. मी होडी घेतली.

घेतली म्हणजे इसार दिलाय, 51 हजार. सोळा फुटी, फायबरची, पांढरी, कडेनं निळा पट्टा. हस. पोट धरून हसून घे, मग पुढं वाच. ज्या गावाला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या माणसानं होडी घेतली. नाम्याला कळलं तर तो बँड लावून वरात काढेल. मंगलला अजून माहीत नाही.

तू दिवाळीत विचारलं होतंस, नितीन ते घरासारखं वाहन घ्यायचं म्हणतोय, कॅराव्हॅन, तर असल्या प्रदर्शनांना जाण्यात काही अर्थ असतो का. मी व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवून मोकळा झालो होतो. आता उत्तर देण्याची लायकी आलीय, दोन प्रदर्शनं अंगावर घेऊन.

जानेवारीत अमोलकडं ड्युसेलडॉर्फला होतो. थंडी विचारू नको. आठ दिवस घरात कोंडून आम्ही दोघं एकमेकांवर खेकसायला लागलो, तेव्हा अमोल म्हणला, बाबा, बोटींचं प्रदर्शन लागलंय, जाऊन या. यू 78 नंबरची मेट्रो थेट तिथं नेऊन सोडते. प्रदर्शनाचं नाव नुसतं ‘बोट’, जर्मनमध्येही होडीला बोटच म्हणतात. 1969 पासून भरतंय. सोळा हॉल, दीड हजाराच्या आसपास स्टॉल, नऊ दिवसांत दोन लाखांवर माणूस. आपली माळेगावची यात्राच समज, फक्त घोडे, गाढवं अन् उंटांच्या जागी होड्या, आणि धुरळा नाही.

मोठ्या होडीवर चढायचं तर बूट काढावे लागतात. काढले. डाव्या मोज्यातून अंगठा सबंध बाहेर. पाचसात कोटींची ती होडी, आत लाकडाची अशी चकाकी की तोंड दिसावं, पायाखाली बोटभर जाड गालिचा, आणि त्यावर आपला मराठवाड्याचा भेगाळलेला अंगठा. मागं एक गोरी बाई उभी होती, तिनं आधी अंगठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि स्वतःचा पाय पुढं केला. तिच्याही मोज्याला भोक. तिथंच भाषा आली मला जर्मन.

पण खरं सांगू? मला होड्यांपेक्षा त्या आत कशा आणल्या हे बघण्यात जास्त गोडी वाटली. मैदान ऱ्हाईन नदीच्या काठावर. मोठ्या होड्या नदीतनं येतात, क्रेननं उचलून काठावर घेतात आणि मग चाकांवरच्या सांगाड्यावरून हळूहळू हॉलमध्ये. मी एका माणसाला अर्धा तास धरून ठेवला, पट्टे कुठं लावता, वजन कसं तोलता. त्याला मराठी येत नव्हती आणि मला इंग्रजी त्याच्याएवढीच, तरी त्यानं कागदावर काढून दाखवलं. नखात रेझिन, फायबर चिकटवायचा डिंक, अडकलेलं होतं त्याच्या, म्हणजे विकणारा नव्हे, करणारा. प्रदर्शनाला जावं तर असल्या माणसासाठी. सूटवाल्याला किंमत पाठ असते, ह्याला चूक कुठं होते ते पाठ असतं. दहा कारखान्यांचा माल एका छताखाली, एकाचं झाकण उघडावं, वायरी कशा बांधल्यात बघावं, चार पावलं चालून दुसऱ्याचं उघडावं. एरवी दहा गावं हिंडावी लागतील.

चार तास कसे गेले कळलं नाही. आत एके ठिकाणी पाण्याची उभी लाट करून ठेवली होती, पोरं तिच्यावर फळी घेऊन उभी राहत होती. लाखो लिटर पाणी नुसतं खेळायला. मला आपली ती पहिली पाण्याची रेल्वे आठवली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि फलाटावर हार घेऊन उभे असलेले लोक.

तिथनं मी एक बाटली-उघडणी घेऊन आलो, चार युरोची. घेता येण्यासारखं दुसरं काही नव्हतंच, म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं. घरी येऊन अमोलला तीन दिवस पिळलं. तो म्हणला, ह्याच मैदानात ऑगस्टच्या अखेरीला फिरत्या घरांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा या. नितीनसाठी एक ऐकून ठेव: तिथल्या साध्या कार-लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतच गाडी चालवता येते. स्टॉलवर गाडी रिकामी असते. तिच्यात पाणी, गॅस, चार माणसं, सायकली भरल्या की काटा पुढं जातो आणि मग पोलिसाला सांगत बसा. आपल्याकडं लायसन्सचं वेगळं असलं तरी वजनाचं गणित तेच. नितीनला म्हणावं, भरलेली गाडी किती किलो होते आणि पासिंग किती किलोचं, हे कागदावर घे. आणि जुनी टेम्पो घेऊन बाळ्याकाकाकडनं बॉडी बांधून घेऊ असलं डोक्यात आणू नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवर आहे त्यापेक्षा वेगळी गाडी केली की आरटीओ दारात. ट्रॉल्या अन् टँकर वेगळे, हे वेगळं.

आता मुंबईचं प्रदर्शन. तिथं फेब्रुवारीत गेलो ते ड्युसेलडॉर्फची नशा उतरली नव्हती म्हणून. मंगलला म्हणलं, कॅराव्हॅन बघू. कोपऱ्यात एक उभी होती खरी. मंगल आत जाऊन पलंगावर सरळ आडवी झाली. पावलं बाहेर. मग ओट्यापुढं उभी राहून हातानं हवेत परातीत पीठ मळल्यासारखं केलं, कोपर भिंतीला लागलं. “ह्यात भाकरी होत नाही,” म्हणली आणि बाहेर आली. दोन मिनिटांत निकाल. पत्रकात असलं काही छापलेलं नसतं, त्यासाठी गुडघा दुखत असला तरी माणूसच न्यावा लागतो. ती चहा प्यायला बसली आणि मी होड्यांकडं वळलो.

माळेगावला आपण बैल कसा घेतो? दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचा, जमलं तर जू ठेवून बघायचं. एवढं करूनही तुझ्या अण्णांनी औताला धरला की बसणारा बैल आणलाच. इथं तर होडी गालिच्यावर उभी, खालनं निळे दिवे. पाण्यात कशी चालते, वळते कशी, तोंड किती उचलते, काही कळायला मार्ग नाही. शिवाय किंमत म्हणजे नुसत्या रिकाम्या होडीची. इंजिन वेगळं, ट्रेलर वेगळा, लाइफ जॅकेट वेगळी, आणि मौजेच्या होडीवर जीएसटी आता 40 टक्के. हे सगळं मी स्टॉलवरच्या पोराला विचारलं, त्यानं सगळं खरं सांगितलं, म्हणजे त्याच्यावर ढकलायलाही जागा नाही.

मी मागच्या फळीवर, जिला इंजिन अडकवतात, बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. ह्या फळीत आत प्लायवूड असतं, वरनं फायबर. भोकं नीट बुजवली नसली की पाणी मुरतं आणि प्लाय आतनं कुजतो. मडकं वाजवतो तसं वाजवत गेलो. टण, टण, टण, आणि उजव्या कोपऱ्यात बोल्टाच्या भोकाजवळ भद्द. परत वाजवलं. भद्द. चाळीस वर्षं पत्रा वाजवून खाल्लंय मी दत्ता, मला कळतं भद्द म्हणजे काय. नवी होडी असली तरी दोन वर्षं प्रदर्शनं फिरलेली असणार, पावसात कुठं उभी केली असेल. शो प्राइस, म्हणजे प्रदर्शनातला कमी भाव, का म्हणतात ते तिथंच कळलं.

निघायला पाहिजे होतं. तेवढ्यात ते पोरगं फॉर्म पुढं करून म्हणलं, “सर, नाव काय टाकायचं बोटीवर?”

आणि माझ्या तोंडून आक्कांचं नाव गेलं, रुक्मिणी.

आता तुला कळलं, पत्र तुलाच का.

आक्का साल मोजायच्या ते आठवतं? शास्त्रीजी आले जायकवाडीच्या पायाभरणीला तेव्हा दत्ता पोटात, इंदिराबाई आल्या तेव्हा माहेर पाण्यात. 1965 अन् 1976 असं त्यांनी कधी म्हणलं नाही. माझ्या हातावर भाकरी ठेवताना दर उन्हाळ्यात एकच, बाळ्या, पाणी उतरलं की महादेवाचं शिखर दिसतं म्हणे, मला एकदा तिथवर ने. मी म्हणायचो, आक्का, होडीनंच नेतो. ते तू ऐकलेलं आहेस. तू ऐकलेलं नाहीस ते 2016 चं आहे. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं होतं. आक्कांचा वर्कशॉपच्या फोनवर फोन आला. देऊळ सगळं उघडं पडलंय, पायी जाता येतं, होडी नको, नुसती जीप आण. तू तेव्हा निवडणुकीच्या ड्युटीवर की कुठं होतास. मी म्हणलं, पुढच्या आठवड्यात. माझ्याकडं तेव्हा रात्रंदिवस टँकरचं वेल्डिंग चालू होतं, 62 टँकर त्या उन्हाळ्यात. शेडवरचा दुसरा मजला त्यातनंच झाला. तो आठवडा काही आला नाही, पाऊस आला. त्यांनी परत फोन केला नाही, आणि भेटल्यावर विषयही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

दहाव्याला मी लवकर का निघालो ते एवढंच. तू म्हणलास म्हणे, बाळ्याला टँकर वाट बघत असतील. नाम्यानं सांगितलं. राग आला होता, आता नाही.

तर असं आहे. बाकीचे पैसे दीड महिन्यात भरायचे. इंजिन लावलं तर 2021 च्या इनलँड व्हेसल्स कायद्यात नोंदणी आणि तपासणी आली, आणि नाथसागर, जायकवाडीचा जलाशय, 1986 पासून पक्षी अभयारण्य, म्हणजे वनखात्याचा उंबरा वेगळा. पोरगं म्हणलं होतं काही लागत नाही सर, ह्या एका बाबतीत मात्र ते खोटं बोललं. इंजिन न लावता वल्ह्यानं म्हणलं तर साठीतले दोन म्हातारे सोळा फुटी होडी कितीशी रेटणार? फळी मी घरीच कापून नवी बसवू शकतो, मरीन प्लाय आणि रेझिन, तीन दिवसांचं काम. पण मग त्यांच्याकडनं कशाला घ्यायची? सगळी होडीच घरी करता येते. आणि केली तर त्यांच्या पावतीवर लिहिलेलं नाव परत कसं आणायचं? असा रात्री दोन वाजता गोल गोल फिरतोय. मंगल विचारते, काय झालंय, तर शुगर म्हणतो.

पावतीची झेरॉक्स सोबत आहे. मागं बारीक अक्षरात जे छापलंय ते तू वाच, तीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांचे कागद वाचलेस. इसार परत मिळतो का, आणि फळीच्या आवाजावरून माल सदोष म्हणता येतो का ते कळव. आणि परत घ्यावा की नाही तेही तूच सांग. कायद्यानं नको, असंच. गंगाखेडच्या ट्यूबच्या तराफ्याचा विषय मात्र काढायचा नाही. दोर तूच सोडलास, कुलकर्णी सरांनी काठावरनं बघितलंय.

नितीनला म्हणावं, प्रदर्शनाला जरूर जा, पण पहिल्या दिवशी चेकबुक अन् फोनमधलं पैशाचं ॲप घरी ठेवून जा, आणि सुनेला बरोबर ने, परातीसकट. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? पिंपरीचा फ्लॅट विकतोयस असं ऐकलं, घाई करू नको. नातीचं नाव काय ठेवलं ते अजून कळलं नाही मला, लाज वाटते विचारायला.

उत्तर वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव. फोन करायचाच झाला तर दुपारी दोन ते चार, मंगल झोपलेली असते.

तुझा,
बाळ्या

ता. क. पाकीट चिकटवल्यावर उघडलं. गेल्या रविवारी पैठणला एकटाच जाऊन आलो. धरण भरलेलं आहे, शिखर वगैरे काही दिसत नाही. एका कोळ्याला विचारलं, तो म्हणला देऊळ कुठं ते ठाऊक आहे, जाळं तिथं अडकतं.