मी काय करून राहिली

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "नेमकं काय करून राहिली बाई तू तिकडे?" मी "गणित" म्हणून विषय संपवला. मग रात्रभर लाज वाटत राहिली.

बाबा, त्या साली तुम्ही धूळपेरणी केली, पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणी करावी लागली. पाऊस आणि पेरणी, कामं तीच दोन. क्रम फिरला की पीक फिरतं. पाच त्रिक आणि तीन पाचे मात्र पंधराच. १९२५ साली हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं, की अणूच्या आत पाढा नाही, पेरणीचा हिशेब चालतो. कणाची जागा आणि वेग यांचा गुणाकार कोणत्या क्रमानं केला, त्यावर उत्तर ठरतं.

आम्ही तोच नियम खुद्द जागेला लावून पाहतो. मग धुऱ्याचा दगड नेमका कुठे, हे विचारण्यातच अर्थ राहत नाही. हा नसता उद्योग नाही. जितकं बारीक पाहावं, तितकी ऊर्जा एकवटावी लागते. दशांश चिन्हापुढे ३४ शून्यं देऊन १६ लिहा. इतक्या मीटरवर पाहायला गेलं तर तिथे कृष्णविवरच होईल, आणि मोजणी तिथेच बुडेल.

बिंदूच नाहीत, तर जागेचा आकार सांगायचा कसा? अलँ कॉन या फ्रेंच गणितज्ञाचं उत्तर बाबांना आवडेल: ऐकून! जागा ढोलासारखी वाजली तर कोणते सूर निघतील, त्यावरून. भजनात डोळे मिटून तुम्ही खंजिरी कोणाची ते सांगता, तसं. पण नुसता कान पुरत नाही. आवाजावरून ढोलाचा आकार कळेल का, असं मार्क काट्स या गणितज्ञानं १९६६ मध्ये विचारलं होतं. १९९२ मध्ये सिद्ध झालं, की वेगळ्या आकाराचे दोन ढोल अगदी तेच सूर देऊ शकतात. म्हणून कॉन सुरांच्या जोडीला तो गुणाकाराचा नियमही घेतात. १९९६ मध्ये त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ अली शामसेद्दीन यांनी त्यातून आइनस्टाइनचं गुरुत्व आणि कणांचे नियम एकत्र काढून दाखवले.

फजितीही झाली. इतर मूलकणांना वजन मिळण्यामागे ज्याचा हात, त्या हिग्ज कणाचं स्वतःचं वजन त्यांच्या हिशेबात १७० जीईव्हीच्या (कणांचं वजन मोजायचं माप) आसपास येत होतं. २०१२ मध्ये कण सापडला तो १२५ चा. मग आपल्याच समीकरणातलं एक पद आपण सोडून दिलं होतं, असं त्यांनी दाखवलं. मला ते भाव फुटल्यावर अंदाज सुधारल्यासारखं वाटतं, पण इथे हे मोठ्यानं बोलत नाही.

आई, बीपीची गोळी चुकवू नकोस. आणि बाबा, पावसाळी हवेत खंजिरीचं चामडं उतरलं असेल. चुलीपाशी शेकण्याआधी एकदा आणि शेकल्यावर एकदा, फोनवर वाजवून दाखवा.

तुमची,
छकुली