बिल त्याच्या कोडवर, फोन मला

सांगली,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय लंबू,

तुझं पत्र धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मिळालं आणि आठवडाभर युनिफॉर्मच्या खिशातच राहिलं. रागावू नकोस, दिवाळीत आम्हाला जेवायलाही फुरसत नसते. भाच्याला आमच्या सेल्समनच्या लाइनला लावू का, असं विचारलंयस. एका ओळीत उत्तर दिलं असतं, पण यंदाचा सप्टेंबर तुला सांगायचाच आहे.

१५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि विश्रामबागच्या आमच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक नुसतं एसीचा वारा खाऊन जायला लागलं. "दर उतरू देत, मग बघू." ३ सप्टेंबरला कळलं, २२ तारखेपासून, घटस्थापनेला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत पितृपक्ष! एरवीसुद्धा त्या पंधरवड्यात कोणी मिक्सर घेत नाही. आम्ही आठजण दिवसभर तेच ते टीव्ही पुसत बसलो. टार्गेट मात्र नेहमीचंच, आणि ते चुकलं की इन्सेंटिव्हला टाटा.

अशात डिग्रजकडचे एक काका आले. पिशवीत रोकड, ५५ इंची टीव्ही पसंत, किंमत ५१,२०० रुपये. बिल करायला निघालो आणि जीभच रेटेना. हळूच म्हटलं, "काका, बारा दिवस थांबा, चार हजार वाचतील." काका गेले. सरांनी ऐकलं होतं. "पगार कोण देतं रे तुला?" एवढंच म्हणाले, पण सगळ्यांसमोर.

२२ तारखेला जत्रा. मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला म्हणजे बिलात दहा टक्के कमी, हा प्रत्येकाचा हिशेब. कर मूळ किमतीवर असतो, ४०,००० च्या टीव्हीचे ५१,२०० व्हायचे, आता ४७,२०० होतील, म्हणजे उतरले ते आठ टक्केही नाहीत, हे मी दिवसभरात किती वेळा कॅल्क्युलेटरवर दाखवलं असेल! "सरकारनं दिलं, तुम्ही मधल्या मध्ये खाल्लं," असंही ऐकून घेतलं. फ्रिज आणि ३२ इंची टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के होते, तिथे काहीच उतरलं नव्हतं. ते सांगताना तर घसा बसला. साडेतीनला डबा खायला आत गेलो, तेवढ्यात काका आले. माझी चौकशी केली म्हणे. नव्या पोरानं स्वतःच्या कोडवर बिल फाडलं, म्हणजे विक्री त्याच्या नावावर.

काकांना हे कोड-बिड काय ठाऊक? रिमोट चालेना, भिंतीवर टीव्ही लावायला माणूस येईना, की फोन मलाच. काल नातवाचं कार्टून चॅनेल लावून दिलं, फोनवरून.

चांगले दिवसही असतात रे, पण कधीकधी तेही बोचतात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी मारुती चौकातल्या दुकानात होतो. चौघांनी मिळून फ्रिज जिन्यानं वर नेले, खालचं बरंच गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलाच्या पायांनी लोक आले. कुणाचा फ्रिज वाहून गेलेला, कुणाच्या वॉशिंग मशीनमध्ये गाळ. दिवाळीला होत नाही एवढा धंदा झाला. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह माझ्या आजवरच्या कमाईतला सगळ्यात मोठा. त्याचं काय घेतलं, ते आठवतही नाही.

तर भाच्याचं. बोलका आहे, खोटं बोलताना अडखळतो असं तू लिहिलंयस. पहिलं चालेल, दुसऱ्यापायी वर्षभर सरांचं ऐकून घ्यावं लागेल. एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला लागली की कळेल त्याला. पाठव, मी बोलतो सरांशी. फक्त स्वस्तातले बूट देऊन पाठवू नकोस. दहा तास उभं राहायचं असतं. माझी टाच तिसऱ्या महिन्यापासून दुखतेय, ती अजून.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
ढापण्या