अध्यक्षांच्या परवानगीने काय काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू आहे. वाचनालये, शिक्षण मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, देवस्थाने, सगळीकडून नोटिसा येताहेत आणि बहुतेक नोटिशींत शेवटचा विषय ठरलेला: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. माझी तक्रार या एका ओळीबद्दल आहे.

मी ज्या वाचनालयाचा आजीव सभासद आहे, तिथे यंदा या ओळीखाली तळमजल्याचा हॉल एका खासगी क्लासला नऊ वर्षांच्या कराराने देण्याचा ठराव झाला. नोटिशीत हॉलचे नावही नव्हते. सूचकांनी कागद वाचला, अनुमोदक बसल्या जागेवरून ‘अनुमोदन’ म्हणाले, अध्यक्षांनी ‘सर्वानुमते मंजूर’ असे जाहीर केले आणि लगेच राष्ट्रगीत सुरू झाले. विरोधासाठी वर केलेले हात खाली घेऊन आम्ही तिघे सावधान उभे राहिलो.

सभेची नोटीस कशासाठी काढतात? जो सभासद येणार नाही, त्याला आपल्या माघारी काय ठरणार आहे हे कळावे आणि यायचे की नाही हे त्याने ठरवावे, यासाठी. ऐनवेळी दुखवट्याचा ठराव घ्या, गुणवंतांचे अभिनंदन करा, गळक्या छताकडे लक्ष वेधा, कोणाची ना नाही. पण मिळकत, घटनादुरुस्ती, वर्गणीवाढ, निवडणूक असे विषय त्या ओळीत घुसवायचे आणि ‘अध्यक्षांनी परवानगी दिली’ म्हणून हात झटकायचे, हे चालणार नाही. अध्यक्षांना सभा चालवण्याचा अधिकार असतो, नोटीस माफ करण्याचा नाही.

हॉलच्या बाबतीत तर सभेनेही एकमुखाने होकार देऊन भागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 36 प्रमाणे सार्वजनिक न्यासाची, म्हणजे आमच्यासारख्या नोंदलेल्या संस्थेचीही, इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला हीच मर्यादा दहा वर्षांची आहे. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर 1860 चा संस्था नोंदणी कायदा त्याहून कडक आहे. प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे गेला पाहिजे, विशेष सभेत तीन पंचमांश मते पडली पाहिजेत आणि महिन्याभराने दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच बहुमताने तो पक्का झाला पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारला जे कळले ते आमच्या कार्यकारिणीला कळू नये?

गणपूर्तीचाही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचाही, असाच खेळ. आमचे चिटणीस उठल्यासुटल्या ‘संसदीय पद्धती’चा दाखला देतात, म्हणून सांगतो. राज्यघटनेच्या कलम 100 नुसार लोकसभेत एक दशांश सदस्य हजर नसतील तर अध्यक्षांनी सभागृह तहकूब करायचे किंवा संख्या भरेपर्यंत कामकाज थांबवायचे. आमच्याकडे संख्या भरली नाही की तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते आणि तिला गणपूर्तीची अटच नसते! पुष्कळ संस्थांच्या घटनेत ही तरतूद आहे, त्यामुळे ती बेकायदा म्हणता येत नाही. पण तहकूब सभेने मूळ विषयपत्रिकेवरचेच काम उरकावे, नवे काढू नये, ही साधी शिस्त आहे. गणपूर्ती नसलेली तहकूब सभा आणि त्यात ऐनवेळचा विषय, असा दुहेरी योग जुळला की पंधरा माणसे आठशे सभासदांची मिळकत भाड्याने देऊ शकतात. हॉलचा ठराव झाला तो अशाच सभेत.

आणि हजेरी मोजतात ती सह्यांवरून, डोक्यांवरून नव्हे. दारातल्या टेबलावर रजिस्टर, त्याच्या शेजारी बटाटेवड्याच्या डिश. सही करा, डिश घ्या. वडा संपवून निम्मे लोक जिना उतरतात, सह्या मात्र इतिवृत्तात हजर राहतात.

कार्यकारिणीतील मंडळी वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. बिनपगारी काम करतात, स्वतःच्या खिशातून वर्तमानपत्रांची बिले भागवलेलीही मी पाहिली आहेत. पण ‘एवढे करतो, मग विचारता कशाला’ हा सूर लागला की प्रोसिडिंग बुकाला अर्थ उरत नाही.

संस्थेची घटना मागितली की ‘कपाटाची किल्ली नाही’ हे उत्तर ज्यांना मिळते, त्यांच्यासाठी सांगतो: धर्मादाय कार्यालयात अर्ज करून फी भरली की तिची नक्कल मिळते. मी काढली आहे. पुढच्या सभेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असेल. त्या वेळी ठरावावर पुन्हा मतदान मागता येत नाही हे मला माहीत आहे, पण नोंद चुकली असेल तर दुरुस्त करून घेता येते. तेव्हा ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने, विरोध तीन’ असे लिहून घेणार आहे.

आपला,
एक आजीव सभासद, सातारा